घरच्या कोंबडीचं अंडं घशाखाली उतरत नाही, काय करावं?

बांधावरची (मखमलाबाद, नाशिक)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय. घरात विषय काढला की हसण्यावारी नेतात, म्हणून इथे विचारते.

आमचं घर मखमलाबादच्या बाहेरच्या अंगाला आहे. मागे थोडी मोकळी जागा आणि तिच्यापलीकडे द्राक्षबागेचा बांध. मुलाच्या हट्टापायी गेल्या उन्हाळ्यात तीन पिल्लं आणली. दोन गावरान, पेठकडच्या एका ओळखीच्या बाईंच्या घरातून. तिसरं तांबडं, हॅचरीतलं, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) जातीचं. तिन्ही माद्या निघाल्या. तांबडी ती ठमी, गावरान त्या बिजली आणि गुलाब. सुरुवातीला खोक्यात बल्ब लावून वाढवल्या. एकमेकींवर चढून दबल्या तर नाहीत ना, हे बघायला मी रात्री उठायचे. आता मी ओट्यावर तांदूळ निवडायला बसले की ठमी ताटाच्या कडेला येऊन उभी राहते. चोच मारत नाही, मी दाणे टाकेपर्यंत थांबते. बिजली अंगाला हात लावू देत नाही, पण मुलाची शाळेची रिक्षा आली की फाटकापर्यंत पळत सुटते.

दिवाळीनंतर ठमीने पहिलं अंडं दिलं तेव्हा मी समोरच होते. ती खोक्यात बराच वेळ अस्वस्थ होती, मग उभी राहिली आणि अंडं भुश्यावर पडलं. वरून ओलं, चकचकीत. बघता बघता वाळलं. उचललं तर चांगलंच गरम लागलं, ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखं. आणि निमुळत्या टोकाला रक्ताची बारीक रेघ.

सासूबाई खूश होत्या. म्हणाल्या, आण इकडे, लगेच तव्यावर टाकते. मी दिलं, पण आमलेट समोर आल्यावर घास तोंडापर्यंत जाईना. अक्षरशः मळमळलं.

मी अंडी खात नाही असं नाही हो. लहानपण सातपूरला गेलं, कोपऱ्यावरच्या गाडीवरची बुर्जी खाऊन मोठी झाले. आजही दुकानातल्या ट्रेमधली अंडी आणली तर बिनदिक्कत खाते. घरची मात्र फ्रिजमध्ये साठत चाललीत. नवरा आणि सासूबाई खातात. मुलगा आधी खायचा, माझं बघून त्यानेही सोडलं. परवा विचारत होता, ते ठमीचं बाळ आहे का? मला उत्तर देता आलं नाही, कारण बांधापलीकडच्या वस्तीवरचा एक कोंबडा अधूनमधून आमच्या आवारात येतो. म्हणजे आत खरंच पिल्लू असू शकतं का?

आणि अजून एक गोष्ट आहे, तिचाच मला जास्त त्रास होतो. अंडी यायला लागल्यापासून घरातलं बोलणं बदललंय. "बिजलीचं आज काही नाही वाटतं?" "गुलाब नुसतीच खाते." आधी असं कोणी बोलत नव्हतं. मागच्या रविवारी एक पाहुणे आले होते, ते म्हणाले, अंडी थांबली की मस्त काळ्या मसाल्याचा रस्सा होईल. सगळे हसले. मुलगा उठून मागे गेला आणि खुराड्याला कडी लावून आला. तेव्हापासून वाटतं, मी त्यांची अंडी खायला लागले की त्या माझ्यासाठीही "देणाऱ्या" आणि "न देणाऱ्या" होतील.

कोणाला असं झालंय का? ही किळस जाते का? की जाऊच देऊ नये?

---

सिन्नरकर

ताई, माझं लेअरचं, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्यांचं शेड आहे, त्यामुळे स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

दुकानातलं अंडंही तिथूनच आलेलं असतं. माझ्याकडे पिंजऱ्याची तळाची जाळी उताराची आहे, अंडं पडलं की घरंगळत पुढच्या पन्हाळीत येतं. गरम असतानाच उचललं जातं. रक्त लागलेली, शिट लागलेली, तडकलेली, वेड्यावाकड्या आकाराची, सगळी आम्ही बाजूला काढतो आणि मगच ३०-३० च्या ट्रेमध्ये भरतो. तुम्हाला जे स्वच्छ अंडं दिसतं ते निवडलेलं असतं. रक्ताची रेघ माझ्या शेडमध्येही रोज कुठे ना कुठे असतेच, गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही एवढंच.

कोंबडीचंही सांगतो. पिंजऱ्यातल्या कोंबडीला फुलस्केप कागदापेक्षा कमी जागा असते. साधारण दीड वर्षाची झाली, अंडी कमी झाली, की आख्खी बॅच मांसासाठी गाडीत चढते. दुसरा मार्ग परवडतच नाही. धंदा माझा आहे आणि मी तो लपवत नाही. पण दुकानातलं चालतं आणि ठमीचं चालत नाही, हे वाचून वाटलं की तुम्हाला हे माहीत असावं. तुमच्या ठमीइतकी सुखात राहणारी कोंबडी माझ्याकडे एकही नाही.

---

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

ताई, माझी नोकरी पेठ, दिंडोरी, सुरगाणा या भागातल्या दवाखान्यांत गेली. कोंबड्यांबद्दल विचारायला बहुतेक बायाच यायच्या, आणि तुम्ही विचारलंत ते थोड्या वेगळ्या शब्दांत अनेकींनी विचारलंय. सविस्तर लिहितो.

आधी रक्ताचं. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पहिल्यांदा अंड्यावर येते तेव्हा वाट ताणली जाते, एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि कवचावर रेघ उमटते. काही दिवसांत थांबतं. पुढेही रोजच रक्त दिसत राहिलं तर मात्र मागची बाजू तपासा, दुसरी कोंबडी तिथे चोच मारत असते कधी कधी. अंडं फोडल्यावर बलकावर लाल ठिपका दिसला तर तोही बलक सुटताना फुटलेल्या वाहिनीचाच असतो. त्याचा पिल्लाशी संबंध नाही. चमच्याने काढून टाका, बाकीचं खायला हरकत नाही. बलकाला धरून जो पांढरा पीळ असतो, त्यालाही पुष्कळ लोक पिल्लाची नाळ समजतात. तो बलकाला मधोमध धरून ठेवणारा दोर आहे, प्रत्येक अंड्यात असतो.

अंडं तयार कसं होतं ते मुलालाही सांगा. कोंबडीचं फक्त डावं अंडाशय काम करतं. तिथून बलक सुटतो आणि अंडनलिकेत उतरतो. वाटेत तीनेक तासांत त्यावर पांढरं चढतं, मग पातळ पापुद्रे, आणि शेवटी कवच. एकट्या कवचालाच सुमारे २० तास लागतात. सगळं मिळून २४ ते २६ तास. म्हणून कोंबडी रोज थोडं उशिरा अंडं देते आणि मग एखादा दिवस खाडा पडतो. "बिजलीचं आज काही नाही" याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. त्यातून ती गावरान. देशी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, हायब्रिड लेअर ३०० च्या वर. थंडीत दिवस लहान होतो, उजेड कमी पडतो, तेव्हा आणखी घटतात. पिसं झडतात त्या काळात दोन-तीन महिने पूर्ण बंद. घरच्यांना हे आधीच माहीत असलं की कोणी गुलाबला बोल लावणार नाही.

आता किळस येते ती कशाची, तर शिटेची आणि अंड्याची वाट एकच, याची. खरं आहे, दार एकच. पण अंडं बाहेर येताना अंडनलिकेचं आतलं अस्तर अंड्याबरोबर उलटं होऊन बाहेर येतं आणि अंडं टाकून परत आत जातं. त्यामुळे अंडं शिटेच्या जागेला घासत नाही. तुम्ही पाहिलंत ते ओलं, चकचकीत अंडं म्हणजे अगदी स्वच्छ वस्तू. वरचा ओलावा वाळून कवचाच्या हजारो बारीक छिद्रांवर पातळ थर बसतो, जंतू आत जाऊ नयेत म्हणून. घाण लागते ती नंतर, खोक्यातली. म्हणून खोक्यातला भुसा बदलत राहा आणि अंडं लगेच धुवू नका. मळलं असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. धुवायचंच तर वापरायच्या आधी आणि कोमट पाण्याने. गार पाण्यात आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, मुलाचेसुद्धा, आणि बलक घट्ट होईपर्यंत शिजवायचं. साल्मोनेला जंतूंचा धोका घरच्या अंड्यालाही असतो.

पिल्लाचं. कोंबडा नसेल तर अंड्यात पिल्लू होतच नाही, कोंबडी अंडं देतच राहते. तुमच्याकडे शेजारचा कोंबडा येतो, म्हणजे काही अंडी फलित असू शकतील. एकदा संग झाला की पुढचे दोनेक आठवडे त्याचा परिणाम राहतो. पण फलित अंडं म्हणजे पिल्लू नव्हे. कोंबडीची ऊब सलग मिळाली तर २१ व्या दिवशी पिल्लू बाहेर येतं. ऊब मिळाली नाही तर बलकावर जो बारीक पांढरा ठिपका असतो तो ठिपकाच राहतो. ठिपका सगळ्याच अंड्यांत असतो, फलित अंड्यात तो जरा गोल, कडेला वर्तुळ असल्यासारखा दिसतो इतकंच. एक खबरदारी मात्र घ्या. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा नुसत्या घरातल्या उष्म्यानेही फलित अंड्यात थोडी वाढ सुरू होऊ शकते. रोजच्या रोज उचला आणि फ्रिजमध्ये ठेवा, प्रश्न मिटला. मुलाला रात्री दिवे बंद करून मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून दाखवा. आत नुसता पिवळसर उजेड दिसेल. त्याला त्याच्या डोळ्यांनी बघू द्या, तुमच्या सांगण्यावर राहणार नाही.

आणि ठमीला काय वाटतं? मी जन्मभर बघत आलो. कोंबडी अंडं घालते, कॉक-कॉक करून आवार डोक्यावर घेते आणि दाणे टिपायला निघून जाते. अंडं फुटलं तर तीच खाते. जिव्हाळा येतो तो खुडूक झाल्यावर, म्हणजे अंडी उबवायला बसल्यावर. तेव्हा मात्र ती जीव खाऊन अंड्यांवर बसते, चारा-पाणी सोडते, हात घातला तर फोडते. त्या वेळी अंडी काढताना माझंही मन कचरायचं. एरवी तुम्ही तिच्यापासून काही हिरावून घेत नाही.

मूळ दुखणं तुम्ही शेवटी लिहिलंत ते आहे असं मला वाटतं. सांभाळलेली कोंबडी सहा-आठ वर्षं सहज जगते. भरपूर अंडी पहिली दोन-तीन वर्षं, मग उतरत जातात. म्हणजे ठमी तुमच्या अंगणात बिनअंड्याची अनेक वर्षं काढणार आहे. तेव्हा काय करायचं हे अंडी बंद झाल्यावर ठरवू नका, आत्ता ठरवा, आणि मुलाच्या समोर ठरवा. त्या पाहुण्यांच्या बोलण्याला घरातून कोणीच उत्तर दिलं नाही, ते उत्तर अजून द्यायचं राहिलंय. ते दिल्याशिवाय घास उतरेल असं मला वाटत नाही. अंड्याची शास्त्रीय माहिती कितीही वाचा.

जाता जाता, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. बांधापलीकडे द्राक्षबाग आहे म्हणता. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तिथे फवारण्या एकामागून एक चालतात. फवारणीच्या दिवसांत कोंबड्या बागेत जाऊ देऊ नका, जाळी लावा. तिथले किडे-गवत खाल्लं की औषधाचा अंश अंड्यात उतरू शकतो. कोंबड्यांना जंताचं किंवा कुठलंही औषध दिलंत तर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत. खाण्यात शिंपल्यांचा चुरा ठेवा, नाहीतर कवचं पातळ पडतील.

---

सुरगाण्याची लेक

ताई, मी अंगणवाडीत आहे. वरचं सगळं वाचलं. आमच्याकडची रीत सांगते.

माझ्या लहानपणी अंडं ही रोज खायची गोष्ट नव्हतीच. आजी अंडी टोपलीत भाताच्या तुसावर मांडून ठेवायची. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली दहा-बारा घालायची, बाकीची आठवडे बाजाराला. घरात कोणी बाळंतीण असली, कोणी आजारातून उठलं, तर त्याला अंडं. आम्हा पोरांना क्वचित. आजी कधीच सगळी अंडी उचलायची नाही. एक मागे ठेवायचीच. सगळी काढली तर कोंबडी जागा बदलते आणि करवंदीच्या जाळीत जाऊन घालते, मग सापडतच नाहीत, मुंगसाचं फावतं. त्यामुळे मला अंडं घेतलं म्हणजे चोरी केली असं कधी वाटलं नाही. घेतानाही कोंबडीचा हिस्सा तिथे असायचा.

आमच्या कोंबड्यांना नावं नव्हती हेही खरं. रंगावरून ओळखायचो. आजी पाहुण्यांसाठी कोंबडी कापायची आणि त्या दिवशी स्वतः जेवायला उशिरा बसायची. कधी काही बोलली नाही.

मला सांगायचंय ते वेगळंच. तुमच्या फ्रिजमध्ये अंडी साठतायत हे वाचून जीव कळवळला. आम्ही अमृत आहार योजनेत गरोदर बायांना आणि लहान लेकरांना अंडं देतो. अंडं मिळणार त्या दिवशी लेकरं वेळेवर येतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि ज्या घरात डाळही रोज शिजत नाही तिथे ती फार मोठी असतात. तुमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या ताई असतील, बागेत काम करायला आमच्याच भागातून आलेली कुटुंबं असतील. छाटणीला, खुडणीला आमची माणसं तिकडेच असतात, लेकरांसकट. तुम्हाला जात नसेल तर नका खाऊ, पण ताजं असतानाच त्यांच्या हातात द्या. तुमच्या मुलाच्या हातून द्या.

---

पंचवटीकर

नमस्कार ताई. आमची गोष्ट थोडी उलटी आहे. वडील माळकरी, पौषात त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जातात. घरात अंडं शिजत नाही. आणि तरीही आमच्याकडे चार कोंबड्या आहेत, कारण मुलीने बाजारातून रंगवलेली पिल्लं आणली होती, त्यातली जगली ती एक, आणि तिला सोबत म्हणून पुढे बाकीच्या आल्या. वडील आधी नाराज होते. आता सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की पहिली ज्वारी तेच टाकतात.

तुम्ही विचारलंत, किळस जाऊ द्यावी का. माझ्या मते ती घालवायलाच हवी असा काही नियम नाही. आम्ही अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालतो आणि शेजारच्या इमारतीच्या वॉचमनच्या घरी देतो. काही उकडून, कवचासकट कुस्करून कोंबड्यांनाच परत घालतो. कच्चं कधी घालू नका, चटक लागली की खुराड्यातली अंडी स्वतःच फोडायला लागतात. उकडलेलं ओळखू येत नाही त्यांना, आणि पिसं झडण्याच्या काळात अंगी लागतं.

आमच्या कोंबड्यांपैकी दोन आता जवळजवळ अंडी देत नाहीत. कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण आम्ही त्यांच्याकडे त्यासाठी कधी पाहिलंच नाही. तुम्हाला जी भीती वाटते ती आमच्या घरात आली नाही, पण तुमच्या घरचे अंडी खाणारे आहेत, तेव्हा पर्यवेक्षक काकांनी लिहिलंय तसं बोलून घ्यावंच लागेल.

---

बांधावरची (मखमलाबाद, नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं समजून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सिन्नरकर दादा, तुमचं वाचून दोन दिवस दुकानातलं अंडंही नको वाटलं, पण तुम्ही लिहिलंत हे बरं झालं.

काका, टॉर्चचा प्रयोग केला. मुलाने फ्रिजमधलं एकूण एक अंडं तपासलं. जाड बाजूला हवेचा कप्पा दिसतो, तो जुन्या अंड्यात मोठा आणि ताज्यात छोटा, हे त्यानेच शोधून काढलं आणि त्याप्रमाणे अंडी ओळीत लावली. पिल्लाचा विषय त्याच्यापुरता संपला. दुसऱ्या दिवशी त्याने बुर्जी मागितली.

जेवताना मी विषय काढला. सरळ सांगितलं, की या तिघींपैकी कोणीही कापली जाणार नाही, अंडी देवोत न देवोत, आणि ज्याला हे पटत नसेल त्याने आत्ता बोलावं. नवरा म्हणाला, मी कुठे काय म्हणालो. मी म्हटलं, तेच तर, पाहुणे बोलले तेव्हा तू काहीच म्हणाला नाहीस. तो थोडा वेळ गप्प बसला. मला वाटलं होतं सासूबाईंचा विरोध होईल. त्या म्हणाल्या, माझ्या माहेरी निफाडला भाकड गाय शेवटपर्यंत दावणीला होती, तिचा चारा कधी कोणी मोजला नाही, मग ह्या मूठभर दाण्यांच्या पाखरांचं काय एवढं. आणि त्या पाहुण्यांना पुढच्या वेळी मीच सांगते, तू बोलू नको, तुझं बोलणं लागेल.

त्यानंतर मी खाऊन पाहिलं. भरपूर कांदा-कोथिंबीर घातलेलं आमलेट, तेही सासूबाईंनी कोणाचं अंडं आहे ते न सांगता केलेलं. अर्धं गेलं. मळमळलं नाही. उकडलेलं अजून नको वाटतं, त्याचा आकार समोर आला की ठमीच आठवते. ते नाही जमलं तरी चालेल असं आता वाटतं. सुरगाण्याच्या ताई, शेजारच्या बागेत खुडणीला आलेल्या घरात दोन लेकरं आहेत, एका बाईला सातवा महिना आहे. रोजची अंडी आता तिकडे जातात, मुलगाच नेऊन देतो. त्यांच्यातल्या आजीबाई येऊन कोंबड्या बघून गेल्या आणि खोकं फार उजेडात आहे म्हणाल्या, ते आम्ही भिंतीच्या आडोशाला सरकवलं. तुमच्या आजीसारखं एक अंडं मागे ठेवायला सुरुवात केलीय, त्याच्यावर पेन्सिलीने फुली मारून.

आता काका, नवीन प्रश्न. गुलाब कालपासून खोक्यातून उठत नाही. जवळ गेलं की फुगते, घशातून वेगळाच आवाज काढते, खाली हात घातला तर जोरात चोच मारली. तिच्याखाली फुलीचं अंडं आहे तेवढंच. आजारी आहे का?

---

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

आजारी नाही ताई, खुडूक झाली. गावरान कोंबडी होणारच. छातीखालची पिसं गेलेली दिसतील आणि तिथली कातडी गरम लागेल.

तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. पिल्लं नको असतील तर अंडं काढून घ्या आणि तिला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवा. पिंजरा विटांवर उचलून ठेवायचा, म्हणजे खालून वारा लागला पाहिजे. आत भुसा नको, उजेड हवा, चारा-पाणी भरपूर. तीन-चार दिवसांत खुडूक मोडते. खेड्यात पाण्यात बुडवतात, नाकात पीस घालतात, त्यातलं काही करू नका, नुसता छळ होतो.

पिल्लं हवी असतील तर पेठच्या त्याच बाईंकडून कोंबड्याच्या कळपातली, आठवड्याच्या आतली आठ-दहा अंडी आणा आणि अंधार पडल्यावर तिच्याखाली सारा. ठमीची-बिजलीची घालू नका, त्यातली किती फलित आहेत ते सांगता येणार नाही. खोकं जमिनीलगत, मुंगूस-मांजर शिरणार नाही असं. चारा-पाणी चार पावलांवर ठेवा, म्हणजे ती दिवसातून एकदा तरी उठेल. सातव्या दिवशी रात्री टॉर्च लावून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं धरलं. मुलाला आता हे जमेलच. स्वच्छ दिसतील ती काढून टाका. उन्हाळा तापायच्या आत बसवायचं तर याच आठवड्यात.

पण आधी हिशेब करा. पिल्लांतली साधारण निम्मी नर निघतात. चार-पाच कोंबडे एका आवारात राहत नाहीत, एकमेकांना रक्तबंबाळ करतात, माद्यांच्या पाठी सोलतात आणि पहाटे चारपासून आरवून शेजाऱ्यांची झोप घालवतात. एक ठेवता येईल. बाकीचे पेठच्या बाई परत घेतील का ते आधी विचारा, आणि तिकडे गेलेला कोंबडा सणावाराला कापला जाणार हे धरून चला. मुलाला तेही आधी सांगावं लागेल. ते चालणार नसेल तर आज संध्याकाळीच जाळीचा पिंजरा लावा.